उतरू पाहणारी तार : 'टेंड' ह्या क्रियापदाविषयी

१

'टेंड' हे इंग्रजीतले लहानसे, रोजच्या वापरातले क्रियापद आहे. मराठी माध्यमातून इंग्रजीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला ते दोनदा शिकावे लागते. पहिल्यांदा 'कल असणे', 'प्रवृत्ती असणे' ह्या अर्थाने आणि पुढे केव्हातरी 'सांभाळणे', 'निगा राखणे' ह्या अर्थाने. ह्या दोन अर्थांचा परस्परांशी काही संबंध असेल असे त्याला कोणी सांगत नाही. ऑक्सफर्डच्या परंपरेतले कोशही ह्या क्रियापदाला दोन स्वतंत्र नोंदी देतात, म्हणजे सारखे दिसणारे आणि सारखे उच्चारले जाणारे हे दोन शब्द आहेत अशी त्यांची भूमिका असते.

व्याकरणाच्या दृष्टीने ही भूमिका योग्यच आहे. पहिल्या 'टेंड'ला कर्म लागत नाही आणि त्याला कर्ता कोणताही चालतो. बाजारभाव, नदीचा प्रवाह, वाक्यातला शब्दक्रम, म्हातारपणची स्मृती ह्यांपैकी कोणतीही गोष्ट एखाद्या दिशेने 'टेंड' करू शकते. दुसऱ्या 'टेंड'ला मात्र कर्म हवे आणि कर्ता सजीव, बहुधा माणूसच, हवा. मेंढपाळ कळपाला, माळी बागेला, परिचारिका रोग्याला 'टेंड' करते. विस्तव, जखम, दुकान, थडगे हीही ह्या क्रियापदाची नेहमीची कर्मे होत. ही यादी थोडी थांबून वाचण्यासारखी आहे. विस्तव विझतो, जखम चिघळते, कळप पांगतो, बागेत तण माजते, थडग्यावर गवत वाढते. डोंगराला किंवा समुद्राला कोणी 'टेंड' करीत नाही. ज्या गोष्टी आपापल्या स्वभावाने बिघडण्याकडे झुकलेल्या असतात त्याच ह्या क्रियापदाचे कर्म होऊ शकतात. म्हणजे दुसऱ्या 'टेंड'च्या प्रत्येक कर्माच्या पोटात पहिला 'टेंड' दडलेला असतो. कोशांनी वेगळे केलेले हे दोन शब्द वापरात मात्र एकमेकांची वाट पाहत उभे असतात.

एका शब्दाचे दोन अर्थ एकत्र नांदू लागले की त्यांच्या शेजारातून एक अव्यक्त विधान तयार होते, असा विचार विल्यम एम्प्सन ह्यांनी १९५१ सालच्या 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' ह्या ग्रंथात मांडला. त्यांनी निवडलेले शब्द विद्वत्तेचे नव्हते, रोजच्या संभाषणातलेच होते. त्यांच्या पद्धतीने विचारायचे तर प्रश्न असा की, 'टेंड'च्या दोन अर्थांच्या शेजारातून कोणते विधान तयार होते? आणि ते विधान मराठीला करता येते काय? हा दुसरा प्रश्न भाषांतरकाराचा आहे, त्याचबरोबर समीक्षकाचाही आहे. कारण ज्या विद्येचा आपण 'साहित्यप्रवृत्ती'सारख्या शब्दांनी व्यवहार करतो, तिच्यात पहिल्या 'टेंड'ची चलती फार आहे आणि दुसऱ्याला जागा जवळजवळ नाही.

२

दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. लॅटिन 'तेंदेरे' म्हणजे ताणणे. ताणलेली गोष्ट एका दिशेने जाते, म्हणून त्यातून 'झुकणे', 'वळणे', 'कल असणे' हा पहिला अर्थ आला. त्याच धातूला 'कडे' ह्या अर्थाचा उपसर्ग लागून 'अतेंदेरे' झाले, म्हणजे मन एखाद्या गोष्टीकडे ताणणे, लक्ष देणे. फ्रेंचमधून ते इंग्रजीत 'अटेंड' म्हणून आले आणि बोलण्यात त्याचा पहिला अवयव गळून उरले ते दुसरे 'टेंड'. निगा राखणे म्हणजे मुळात कोणाकडे तरी ताणले जाणे. जे लक्ष एकदा जाऊन परत येते त्याला ही निगा म्हणता येत नाही. तिथे लक्ष ताणलेलेच राहिले पाहिजे.

फ्रेंच भाषेत ह्याच शब्दाला पुढे वेगळे वळण मिळाले. तिथे 'आताँद्र' म्हणजे वाट पाहणे. सीमोन वेल ह्यांच्या विचारात अवधान आणि प्रतीक्षा ह्यांची सांगड पडते. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखसंग्रहाच्या शीर्षकातच ह्या क्रियापदापासून झालेले 'आताँत' हे नाम आहे. त्या सांगडीला त्यांच्या भाषेने अशी आधीच वाट करून ठेवली होती.

ह्या लॅटिन धातूचे आपल्याकडचे भावंड म्हणजे संस्कृत 'तन्'. तंतू, तंत्र, तान, वितान, संतान, संतती हा सारा त्याचाच परिवार. ग्रीकमध्ये ह्याच मुळापासून 'तोनोस' झाले, म्हणजे ताण आणि ताणातून निघणारा स्वर, आणि त्यातूनच इंग्रजीतला 'टोन'. तार ताणणे, स्वर लागणे, मन एखाद्या दिशेला झुकणे आणि कोणाची तरी निगा राखणे ह्या चार क्रिया एका धातूच्या घरात राहिलेल्या आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. 'टेंडर' ह्या शब्दाचे उदाहरण पुरेसे आहे. मराठीत 'टेंडर भरले', 'टेंडर निघाले' असे आपण म्हणतो, तेव्हा पुढे करणे, देऊ करणे हा 'तेंदेरे'चाच एक अर्थ आपण वापरत असतो. वाफेच्या इंजिनामागे कोळसा आणि पाणी वाहणारा जोडडबाही टेंडरच, पण तो दुसऱ्या 'टेंड'मधून आलेला, इंजिनाच्या सेवेला लावलेला. मीटर, नॅरो आणि पुढे ब्रॉड अशा तिन्ही मापांचे रूळ ज्या मिरज जंक्शनात एकत्र आले, तेथे रेल्वेच्या कंत्राटदाराने आणि इंजिनाच्या फायरमनने हा शब्द आपापल्या अर्थाने उच्चारला असेल आणि त्यांच्या बोलण्यात काही गोंधळ झाला नसेल. शब्दाचे मूळ बोलणाऱ्याच्या मनात नसते. म्हणून 'तन्' आणि 'तेंदेरे' ह्यांचे नाते हा पुरावा म्हणून पुढे करण्यात अर्थ नाही. त्याने फार तर कोठे पाहावे हे सुचते. पुरावा शोधायचा तो जिवंत भाषेच्या वापरातच.

३

मराठी भाषांतरकार 'टेंड'चे काय करतो? समजा, त्याच्यापुढे तंतुवाद्यांविषयीचा एक इंग्रजी मजकूर आहे. त्यात एका वाक्यात तारा खाली उतरण्याकडे 'टेंड' करतात आणि पुढच्याच वाक्यात वादक वाद्याला 'टेंड' करतो. इंग्रजी वाचकाला ही पुनरुक्ती क्षणभर जाणवते. भाषांतरकार बहुधा लिहितो, 'तारांचा कल उतरण्याकडे असतो' आणि 'वादक वाद्याची निगा राखतो'. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिले मात्र मराठी नाही. तंबोरा लावणारा माणूस असे कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, 'हवा पालटली की तारा उतरतात'. मराठीचा साधा रीतिवर्तमानकाळ ही प्रवृत्ती आपल्या पोटात घेऊन असतो. तिच्यासाठी वेगळे क्रियापद लागत नाही. 'ह्या घाटात गाड्या तापतात', 'म्हातारी माणसे विसरतात' ह्या वाक्यांत 'टेंड' पूर्णपणे आलेला आहे. गेल्या दीडशे वर्षांच्या गद्यात 'कडे कल असतो' आणि 'ची प्रवृत्ती दिसते' ह्या रचना ज्या प्रमाणात वाढल्या, त्यांतला बराच भाग इंग्रजी क्रियापदाला मराठीत स्वतंत्र खुर्ची हवी ह्या समजुतीतून आला आहे.

दुसऱ्या 'टेंड'च्या बाबतीत अडचण उलटी आहे. तेथे मराठीत शब्द कमी नाहीत, फार आहेत. गुरे राखतात, बाग जोपासतात, मूल सांभाळतात, जखमेची मलमपट्टी करतात, समाधीची दिवाबत्ती करतात, रोग्याची शुश्रूषा करतात. निगा हा शब्द फारसीतून आला आणि तेथे त्याचा अर्थ नजर. काळजीचे नाते आपण काळजाशी लावतो. प्रत्येक कर्मासाठी मराठीने निराळे क्रियापद घडवले, कारण प्रत्येक गोष्ट निराळ्या रीतीने बिघडते आणि तिला निराळ्या रीतीने जपावे लागते. ही समृद्धी आहे. परंतु एम्प्सन ह्यांचा प्रश्न तीत हरवतो. कल आणि निगा ह्यांना एका जागी आणणारा शब्द ह्या सगळ्यांत दिसत नाही.

तो दिसत नाही, कारण तो फार जवळचा आहे. 'पाहणे' हे ते क्रियापद. 'भिंत पडू पाहते', 'दिवा विझू पाहतो', 'तार उतरू पाहते' ह्या वाक्यांत पाहण्याशी डोळ्यांचा संबंध नाही. भिंतीला डोळे नसतात. येथे 'पाहणे' म्हणजे त्या दिशेला झुकलेले असणे, म्हणजेच पहिला 'टेंड'. आणि 'म्हातारपणी त्यांना कोण पाहणार?', 'घरदार तीच पाहते', 'मुलांकडे पाहायला कोणी नाही' ह्या वाक्यांत पाहणे म्हणजे निगा राखणे, म्हणजेच दुसरा 'टेंड'. जे काम लॅटिनच्या ताणण्याने इंग्रजीसाठी केले, ते मराठीसाठी नजरेने केले आहे. नजर एखाद्या दिशेला लागते तेव्हा मन तिकडे झुकते, म्हणून 'करू पाहणे'. आणि नजर कोणावर तरी टिकून राहते तेव्हा त्याची देखभाल होते, म्हणून 'त्याला पाहणे'. वाट पाहणेही त्याच घरातले आहे. 'आताँद्र'चे मराठी भाषांतर करताना सीमोन वेलच्या भाषांतरकाराला हे क्रियापद आपोआप हाती लागते.

इंग्रजीत दोन 'टेंड' शेजारी राहतात, पण कोशात ते वेगळे झाले. मराठीत 'पाहणे' हे एकच क्रियापद आहे, त्याच्या दोन नोंदी करण्याची वेळ आलेली नाही. त्यामुळे इंग्रजीला जे विधान सुचवावे लागते ते मराठी सरळ करू शकते. जे पडू पाहते त्यालाच पाहावे लागते.

४

हे विधान व्याकरणाच्या वहीतून बाहेर काढून एखाद्या गावात नेऊन पाहिले पाहिजे. मिरज हे गाव त्यासाठी सोयीचे आहे, कारण तेथे रोगी आणि तार ह्या दोन्हींची निगा हा गेल्या शतकाहून अधिक काळचा व्यवसाय आहे. कॅनडात जन्मलेल्या विल्यम वानलेस ह्या शल्यवैद्याने १८९४ मध्ये तेथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे रुग्णालय सुरू केले. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. दक्षिण महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक आणि कोकण ह्या तिन्ही बाजूंनी रोगी मिरजेला येत राहिले, आणि गावाची एक ओळखच दवाखान्यांचे गाव अशी झाली.

'क्लिनिक' ह्या शब्दाचे मूळ ग्रीक 'क्लिने' म्हणजे बिछाना, आणि त्याच्याही मागे 'क्लिनेइन' म्हणजे कलणे, टेकणे. संस्कृतातला 'श्रि' धातू आणि त्यापासूनचा 'आश्रय' हे त्याचेच नातेवाईक. कललेल्या माणसाला टेकायला दिलेली जागा, हा क्लिनिकचा जुना अर्थ. मिशेल फुको ह्यांनी १९६३ मध्ये 'क्लिनिकचा जन्म' लिहिताना लक्ष वेधले ते मात्र ह्या जागेतल्या नजरेकडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकाची नजर कशी बदलली, रोग्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या शरीरावर ती कशी स्थिरावली, हा त्यांचा विषय होता. त्यांच्या विवेचनातली नजर तपासते, वर्गीकरण करते, नाव देते. तिला मराठीत नेमका प्रयोग आहे. 'डॉक्टर पाहून गेले.'

त्याच खोलीत आणखी एक पाहणे चालू असते. मिरजेच्या कोणत्याही रुग्णालयात दाखल होताना पहिला प्रश्न 'पेशंटजवळ कोण आहे?' असा येतो. त्याचे उत्तर म्हणून जी व्यक्ती पुढे होते, बहुतेक वेळा आई, बायको, बहीण किंवा सून, तिच्याविषयी आपण म्हणतो की 'ती त्याला पाहते आहे'. डॉक्टर 'पाहून गेले' आणि बहीण 'पाहते आहे' ह्यांत क्रियापद एकच आहे, फरक फक्त क्रियेच्या रूपाचा. एक क्रिया पूर्ण झालेली आहे, दुसरी पूर्ण होऊच शकत नाही. एकीतून निदान निघते. दुसरीतून सांगण्यासारखे काहीच निघत नाही, फक्त रात्र पार पडते. तिला रजिस्टरमध्ये इंग्रजी शब्दाने 'अटेंडंट' म्हटले जाते, आणि नकळत तिथे 'टेंड'चा जुना अर्थ शाबूत राहतो.

ह्या दोन पाहण्यांना संस्कृत परंपरेने दोन शब्द दिले, चिकित्सा आणि शुश्रूषा. ह्या शब्दांची घडण एकच आहे. धातूला 'सन्' प्रत्यय लागला की त्याचा द्विरुक्त रूपाचा इच्छार्थक होतो. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, तशी ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. शिष्याने गुरूचे ऐकू पाहणे, त्यासाठी गुरूजवळ राहणे, जवळ राहण्यासाठी त्याची कामे करणे, अशा पायऱ्यांनी हा शब्द ऐकण्याच्या इच्छेपासून सेवेपर्यंत आणि तेथून रोग्याच्या देखभालीपर्यंत आला. येथेही कलातूनच निगा जन्मली, आणि ती कानाच्या वाटेने आली. 'चिकित्सा' ह्या शब्दात 'कित्' धातूला प्रत्यय तोच लागला आहे, परंतु वैयाकरण तेथे इच्छेचा अर्थ मानीत नाहीत. रोगनिवारण ह्या ठरलेल्या अर्थाने तो शब्द सिद्ध मानला जातो. 'मीमांसा' ह्या शब्दाचीही गत अशीच आहे, घडण इच्छार्थकाची आणि अर्थ मात्र विचाराचा. चिकित्सेतली इच्छा प्रत्ययापुरती उरली, शुश्रूषेतली इच्छा अर्थातही राहिली.

मिरजेच्या इतिहासात ह्या दोन शब्दांची गाठ एकाच माणसाच्या आयुष्यात पडलेली दिसते. विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्यांच्या दारूने दुखावले आणि उपचारासाठी त्यांना मिरजेला आणले गेले. दृष्टी पूर्ववत झाली नाही. तेथेच त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्यत्व मिळाले. ते चिकित्सेसाठी आले आणि शुश्रूषेसाठी राहिले, आणि येथे शुश्रूषेचा अर्थ अगदी मूळचा, ऐकू पाहण्याचा आहे. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, त्याची पायाभरणी मिरजेच्या ह्या वर्षांत झाली. नारायण श्रीपाद राजहंस ह्या मुलाची हकीकतही ह्याच जातीची. शाहू महाराजांनी त्याला कानाच्या उपचारासाठी मिरजेला वानलेस ह्यांच्याकडे पाठवले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १९०५ मध्ये मिरजेच्याच रंगभूमीवर किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'शाकुंतला'त तो उभा राहिला आणि पुढे बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या कानात बसला.

५

आता तार. मिरजेत तंतुवाद्ये घडवण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उभा राहिला. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तो सुरू केला आणि फरीदसाहेबांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. शस्त्रांची मागणी ओसरत होती आणि हातातले कसब वाद्याकडे वळले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ह्या गल्लीची दखल वर्तमानपत्रांनी घेतली.

ह्या कारागिराला भाषेचा आपला प्रश्न ठाऊक नसतो, पण त्याचा सारा व्यवहार त्या प्रश्नातच चालतो. तंबोऱ्याच्या चार तारा खुंट्यांवर ताणून बसवलेल्या असतात. ताण हा त्यांचा धर्म, आणि उतरू पाहणे हा त्यांचा स्वभाव. उकाड्याने धातू पसरतो, दमट हवेने लाकूड फुगते, खुंटी किंचित सरकते. नुसती एकदा लावलेली तार लागलेली राहत नाही. गायक मैफलीत मधूनच मणी सरकवतो, पुन्हा ऐकतो. घोडीवर तार जेथे टेकते तेथे जवारी असते. त्या पृष्ठभागाचा उतार केसभराने बदलला तरी स्वराचा नाद बदलतो. तारेखाली सुताचा धागा सरकवून नाद नेमका कोठे खुलतो ते शोधावे लागते. वाजून वाजून तार घोडीवर खाचा पाडते आणि जवारी पुन्हा घासावी लागते. म्हणजे वाद्य वाजते त्याच क्रियेने बिघडतेही. त्याच्या वापरातच त्याची निगा राखण्याची गरज निर्माण होते.

जवारी लावण्याचे काम डोळ्यांनी होत नाही. ते कानाने होते. कारागीर थोडे घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. ह्यालाही शुश्रूषा म्हणायला हरकत नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ ह्यांनी मिरजेला आपले केले ह्यात म्हणून एक औचित्य आहे. त्यांच्या गायकीचा प्राण स्वराच्या सूक्ष्म लगावात होता आणि तंबोरा नेमका मिळण्याला त्यांच्या लेखी गाण्याइतकेच महत्त्व होते. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या श्रुतिविचाराशीही त्यांचा संबंध आला. स्वराचे सूक्ष्म अंतर मोजू पाहणारा एक आणि तेच गळ्याने दाखवणारा दुसरा, अशी ती जोडी होती. १९३७ मध्ये खाँसाहेबांचे निधन झाले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. उरुसाच्या दिवसांत तेथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. थडगे हे इंग्रजी 'टेंड'चे एक नेहमीचे कर्म. ह्या थडग्याची निगा दिवाबत्तीने होते तशी तंबोऱ्याच्या नादानेही होते.

आता 'टेंड'च्या दोन अर्थांतले विधान पुरते स्पष्ट होते. ज्यात कल नाही त्याला निगेची गरज नाही. तार ताणलेली नसती तर उतरली नसती आणि उतरली नसती तर तिला कोणी पाहिले नसते. परंतु ताणलेली नसती तर ती वाजलीही नसती. निगा राखणारा माणूस तारेचा उतरण्याचा कल नाहीसा करू शकत नाही आणि त्याला तो नाहीसा करायचाही नसतो. तो कल ओळखून तो हाताशी राहतो, इतकेच.

६

मराठी समीक्षेच्या परिभाषेत चिकित्सा आहे, मीमांसा आहे, जिज्ञासाही आहे. साहित्यचिकित्सा, काव्यमीमांसा हे शब्द रुळलेले आहेत. शुश्रूषा तेवढी नाही. ती रुग्णालयात राहिली, आणि तेथेही खालच्या पायरीवर. ही केवळ शब्दांची वाटणी नाही. साठोत्तरी प्रवृत्ती, ग्रामीण प्रवृत्ती, नववादी प्रवृत्ती असे कल नोंदवणे हे आपण समीक्षेचे मुख्य काम मानत आलो. कोणती तार कोणत्या दिशेने उतरते ह्याची ही नोंद उपयोगाची आहे. पण नोंद करणारा सहसा 'पाहून जातो'. त्याने नाव दिलेल्या कवीचा संग्रह दुर्मीळ झाला, त्याच्या आवृत्त्यांत पाठभेद साचले, त्याची हस्तलिखिते कोणाच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी गेली, तर त्याकडे पाहणे हे समीक्षकाचे काम आहे असे अभ्यासक्रम मानीत नाही. प्रवृत्तीच्या इतिहासात नाव आले की संहितेचे पुढे काय झाले हा प्रश्न मागे पडतो.

एकेकाळी तो मागे पडला नव्हता, हे मिरजेच्याच आणखी एका माणसावरून दिसते. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले मोडी कागद वर्षानुवर्षे वाचले, निवडले, लावले आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रह' खंडामागून खंड प्रसिद्ध केला. १९२४ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत हे काम चालू होते. त्यांनी नाटके लिहिली, काव्य लिहिले, पण आज अभ्यासक त्यांच्याकडे वळतात ते ह्या खंडांसाठी. जुना कागद फाटू पाहतो, शाई उडू पाहते, मोडीचे वळण वाचणाऱ्याच्या पिढीबरोबर विसरले जाऊ पाहते. खरेशास्त्र्यांनी त्या कागदांना पाहिले, आणि हे पाहणे तपासणीचेही होते आणि देखभालीचेही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची जी संपादित आवृत्ती सिद्ध झाली तिला आपण 'चिकित्सक आवृत्ती' म्हणतो. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो हस्तलिखितांजवळ घालवलेली ती वर्षे पाहिली म्हणजे त्या चिकित्सेत शुश्रूषा किती होती हे कळते. दोन्ही शब्द वेगळे पडण्यापूर्वीचे ते उदाहरण आहे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. निगा राखणारा समीक्षक भक्त होईल, संहितेचे दोष झाकील, आजाऱ्याला गोड बोलून निजवील. आक्षेप वजनदार आहे. मराठीत आस्वादाच्या नावाखाली कौतुकाचे बरेच लेखन झाले, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणूनच चिकित्सेचा आग्रह धरला गेला. परंतु कौतुक आणि निगा ह्या भिन्न गोष्टी आहेत. जवारी लावणारा कारागीर तारेची स्तुती करीत नाही. बेसूर त्याला इतरांच्या आधी ऐकू येतो. उशाशी जागणाऱ्या बहिणीला ताप चढल्याचे डॉक्टरांच्या आधी कळते. जवळ राहणाऱ्याला दोष कमी दिसतात हा समज दूर राहणाऱ्यांनी रूढ केलेला आहे.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, 'कलाने घेणे'. हट्टी मुलाला, थकलेल्या म्हाताऱ्याला, दुखणेकऱ्याला कलाने घ्यावे लागते. येथे कल हा शब्द आहे आणि निगा हा अर्थ आहे, आणि त्यांत एक महत्त्वाचा बदल झाला आहे. इंग्रजी 'अटेंड'मध्ये ताणले जाते ते निगा राखणाऱ्याचे मन. 'कलाने घेणे' ह्यात कल ज्याची निगा राखायची त्याचा असतो, आणि पाहणाऱ्याने आपली चाल त्याप्रमाणे बदलायची असते. त्याचे सारे ऐकायचे असे नाही. औषध द्यायचेच असते, तार चढवायचीच असते. पण खुंटी केव्हा आणि किती पिळायची हे तार सांगते. इंग्रजी क्रियापद दोन अर्थांना शेजारी बसवते. मराठी वाक्प्रचार त्यांच्यात कोणी कोणाचे ऐकायचे हेही ठरवतो.

म्हणून 'टेंड'चे भाषांतर करणाऱ्याने कोशातला प्रतिशब्द उचलण्यापूर्वी वाक्यात कोण कोणाकडे झुकले आहे ते पाहावे. आणि जो विद्यार्थी उद्या एखाद्या कवीच्या प्रवृत्तीवर प्रबंध लिहायला बसेल त्याने त्या कवीच्या पहिल्या आवृत्तीची एक प्रत आधी शोधावी, तिची पाने सुटी झाली असतील तर ती शिवून घ्यावीत, आणि मगच लिहावे.